विशेष सापेक्षतेचं एक गृहीतक सैल केलं तर क्वांटम फील्ड थिअरीत काय काय हलतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हाला तपासता येईल. तुम्ही कुडाळला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात. प्रोजेक्टसाठी तुम्ही ऊर्जा आणि संवेग यांच्या नेहमीच्या नात्यात एक जादा संज्ञा घातली आहे: (प्रकाशाचा वेग एक धरून) ऊर्जेचा वर्ग म्हणजे संवेगाचा वर्ग, अधिक वस्तुमानाचा वर्ग, अधिक संवेगाचा घन भागिले प्लांक ऊर्जा. त्यामुळे प्रकाशाचा वेग त्याच्या ऊर्जेनुसार किंचित बदलतो. प्लांक ऊर्जा, म्हणजे जिथे गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम जाणवावेत ती ऊर्जा, १.२२ गुणिले १० चा १९ वा घात इतके जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट) असल्यामुळे प्रयोगशाळेत ही संज्ञा नगण्यच राहणार. मग तुम्ही विचारता, ‘आइन्स्टाइनचं दुसरं गृहीतकच तर जरा सैल केलंय, बाकीची क्वांटम फील्ड थिअरी आहे तशी वापरायला हरकत काय?’

हरकत आहे. (क्वांटम फील्ड थिअरी म्हणजे कणांना अवकाशभर पसरलेल्या फील्डची कंपनं मानणारा सिद्धांत.) ती कुठे आहे हे मला पुस्तकातून कळलं नाही, कामातून कळलं. माझी बरीच वर्षं लॅटिस गेज थिअरीत गेली, म्हणजे अवकाश आणि काळ जाळीच्या ठिपक्यांवर मांडून क्वार्क (प्रोटॉनसारख्या कणांचे घटक) आणि ग्लुऑन (त्यांना बांधून ठेवणारे कण) यांची गणितं संगणकावर सोडवण्यात. त्या जाळीवर लॉरेन्ट्झ सममिती, म्हणजे एकमेकांच्या सापेक्ष स्थिर वेगाने चालणाऱ्या निरीक्षकांना नियम सारखेच दिसणं, मुळात मोडलेलीच असते आणि ती परत मिळवण्यासाठी काय करावं लागतं हे मी रोज पाहत होतो. त्या अनुभवाकडे मी पुढे येतोच.

आधी ‘दुसरं गृहीतक’ या शब्दाबद्दल. १९०५ च्या मांडणीत दोन गृहीतकं होती: सर्व जडत्वीय चौकटींत भौतिकीचे नियम सारखे, आणि प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखा. पण १९१० मध्येच इग्नाटोव्स्की यांनी दाखवलं की पहिल्या गृहीतकासोबत अवकाश-काळाचा एकजिनसीपणा आणि दिशांची समानता एवढंच धरलं तरी एका चौकटीतून दुसरीत जाण्याच्या रूपांतरांना फारसा पर्याय उरत नाही. एक स्थिरांक येतो. तो शून्य असेल तर गॅलिलिओची (सापेक्षतेआधीची) रूपांतरं, धन असेल तर लॉरेन्ट्झची (सापेक्षतेची). ऋण असेल तर कार्यकारणभावच कोलमडतो. म्हणजे दुसरं गृहीतक नुसतं काढून टाकलं तर तिसरा नवा सिद्धांत हाती लागत नाही. उद्या फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, अगदी सूक्ष्म वस्तुमान असल्याचं कळलं तर प्रकाश त्या स्थिरांकातून येणाऱ्या मर्यादा-वेगाहून किंचित हळू जाईल, पण सापेक्षतेला धक्का लागणार नाही. तो वेग अवकाश-काळाच्या रचनेतला आहे, प्रकाश फक्त त्याचा सर्वांत परिचित प्रवासी आहे.

तेव्हा तुम्ही जे केलंय ते दुसरं गृहीतक सैल करणं नव्हे. तुमचं समीकरण नेहमीच्या लॉरेन्ट्झ रूपांतरांखाली बदलतं. मग ते कोणत्या चौकटीत खरं आहे? याला दोन उत्तरं संभवतात. एक, विश्वात एक विशेष चौकट आहे आणि समीकरण तिथे खरं आहे. म्हणजे तुम्ही पहिलंच गृहीतक सोडलंत. दोन, समीकरण सगळ्यांना सारखं आहे पण रूपांतरंच वेगळी आहेत. पुढचं सारं तुम्ही यातलं कोणतं निवडता यावर अवलंबून आहे, आणि तुमच्या प्रश्नात ते कुठेच लिहिलेलं नाही. पहिला पर्याय धरून चालतो, कारण बहुतेक जण नकळत तोच धरतात.

मी हल्ली रत्नागिरीत भाट्याच्या खाडीजवळ राहतो, आणि तुमचं समीकरण मला रोज समोर दिसतं. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लांब लाटांचा वेग फक्त खोलीवर ठरतो. पाच मीटर पाणी असेल तर सेकंदाला सुमारे ७ मीटर. लाट थोडी लांब असो वा थोडी आखूड, वेग तोच. लांब लाटांपुरता तो वेग म्हणजे जणू त्या पाण्यातला प्रकाशाचा वेगच. पण लाटेची लांबी खोलीच्या जवळ आली की दुरुस्तीची संज्ञा जागी होते आणि आखूड लाटा मागे पडू लागतात. खोल समुद्रात तर ही फाटाफूट पूर्ण असते. दूर दक्षिणेच्या महासागरात वादळ झालं की त्याच्या लाटा ८००० किलोमीटर चालून कोकणात पोचतात. १८ सेकंद आवर्तकाळाच्या लाटा साडेसहा दिवसांत येतात, १२ सेकंदांच्या लाटांना जवळपास दहा दिवस लागतात. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि तरीही खाडीच्या मुखाशी लांब लाटा फुटायला लागल्या की जाणता तांडेल होडी बाहेर काढत नाही. एकाच वेळी निघालेल्या लाटा लांबीनुसार वेगवेगळ्या वेळी पोचतात, आणि अंतर जितकं मोठं तितका तो फरक ठळक होतो.

खगोलशास्त्रज्ञांनी हेच तंत्र वापरलं. १० मे २००९ ला फर्मी दुर्बिणीने एका गॅमा-किरण स्फोटातून आलेला ३१ जीईव्हीचा फोटॉन टिपला. तो प्रकाश सातशे कोटी वर्षं प्रवास करून आला होता. तुमच्या संज्ञेने त्या प्रवासात कमी ऊर्जेच्या प्रकाशापेक्षा साधारण सेकंदाच्या आसपास फरक पडायला हवा होता. निरीक्षणातून उलट असं निघालं की अशी संज्ञा असलीच तर तिच्या छेदातली ऊर्जा प्लांक ऊर्जेहून मोठी असली पाहिजे. ९ ऑक्टोबर २०२२ च्या प्रचंड स्फोटाच्या चीनमधल्या लासो (LHAASO) वेधशाळेने घेतलेल्या नोंदींनी ती मर्यादा आणखी दसपट वर नेली.

पण वेळेची ही मोजणी या विषयातला सर्वांत सोपा भाग आहे. वेग बदलला की कोणत्या प्रक्रिया घडू शकतात हेच बदलतं. साध्या सापेक्षतेत एकटा फोटॉन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या (पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट भाराचा जोडीदार) जोडीत मोडू शकत नाही, ऊर्जा आणि संवेग दोन्हींचा हिशेब एकाच वेळी जुळत नाही. तुमची संज्ञा अधिक चिन्हाची असेल तर एका ऊर्जेनंतर तो जुळतो. कागद घेऊन करून पाहा: दोन्ही कणांना अर्धा-अर्धा संवेग द्या, अट निघते की फोटॉनच्या संवेगाचा घन हा इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचा वर्ग गुणिले चार गुणिले प्लांक ऊर्जा याहून मोठा हवा. आकडे घातले की सुमारे २३ टीईव्ही (एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही) येतात. इलेक्ट्रॉनलाही तीच संज्ञा लावलीत तरी २९ च्या आसपास. म्हणजे त्याहून जास्त ऊर्जेचा फोटॉन वाटेतच मोडायला हवा. प्रत्यक्षात खेकडा तेजोमेघातून १.१ पीईव्हीचा, म्हणजे ११०० टीईव्हीचा फोटॉन लासोवर पोचल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. प्लांक ऊर्जेने भागलंय म्हणून ‘नगण्य’ मानलेल्या संज्ञेची गाठ अशी दृश्य जगाशीच पडते.

अशा उंबरठ्यांचा, म्हणजे एखादी प्रक्रिया ज्या ऊर्जेपुढे शक्य होते त्यांचा, पद्धतशीर विचार कोलमन आणि ग्लॅशो यांनी १९९९ मध्ये मांडला. २०११ मध्ये ओपेरा प्रयोगात न्यूट्रिनो (फार क्वचित आंतरक्रिया करणारे अतिशय हलके कण) प्रकाशाहून ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याची बातमी आली तेव्हा कोहेन आणि ग्लॅशो यांनी याच पद्धतीने दाखवलं की असा न्यूट्रिनो ७३० किलोमीटरच्या वाटेवर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या सोडत ऊर्जा गमावेल आणि साडेबारा जीईव्हीच्या वरचे जवळपास पोचणारच नाहीत. पोचत तर होते. पुढे सैल बसलेली ऑप्टिकल फायबरची जोडणी सापडली. पण केबल सापडण्याआधीच फील्ड थिअरीने सांगितलं होतं की वेगाचा तो दावा त्याच प्रयोगातल्या ऊर्जांच्या नोंदींशी जुळत नाही. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो, कारण वेग आणि आंतरक्रिया वेगळ्या ठेवता येत नाहीत हे त्यात स्पष्ट दिसतं.

आता फील्ड थिअरीच्या गाभ्याकडे. लॉरेन्ट्झ सममिती तिथे सजावट म्हणून नसते. ‘कण’ म्हणजे काय याची व्याख्याच विग्नर यांनी १९३९ मध्ये त्या सममितीच्या गटावरून केली. वस्तुमान आणि स्पिन (कणाची अंगभूत फिरकी) ही त्या गटाने कणांना दिलेली नावनिशी आहे. क्वांटम यांत्रिकीत कण प्रकाशशंकूच्या बाहेर, म्हणजे तेवढ्या वेळात प्रकाशही पोचू शकत नाही अशा जागी, सापडण्याची शक्यता अगदी शून्य नसते, आणि शंकूबाहेरच्या दोन घटनांचा क्रम निरीक्षकागणिक बदलतो. कार्यकारणभाव टिकायचा तर ते योगदान काहीतरी खोडून काढलं पाहिजे. ते काम प्रतिकण करतो: तितक्याच वस्तुमानाचा, उलट भाराचा. अर्ध्या स्पिनचे कण फर्मिऑनच (एका अवस्थेत एकच राहू शकणारे कण) असले पाहिजेत हा पाउली यांचा १९४० चा निष्कर्षही याच पायावर उभा आहे.

हा पाया काढला तर काय उरतं ते बघायचं असेल तर गॅलिलिओची फील्ड थिअरी पाहा. ती सुसंगत आहे, शीत अणूंच्या अभ्यासात रोज वापरली जाते. पण तिथे प्रतिकण असण्याची सक्ती नाही, वस्तुमान स्वतंत्रपणे अक्षय्य राहतं, आणि इलेक्ट्रॉन फर्मिऑन आहे हे हाताने लिहावं लागतं. तुमच्यासारख्या छोट्या बदलात हे सगळं एकदम जात नाही. विशेष चौकटीत फील्ड नेहमीसारखी बांधली तर प्रतिकण राहतात. पण हमी जाते. ग्रीनबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवलं की आंतरक्रिया असलेल्या सिद्धांतात सीपीटी (भार, आरशातली उलटापालट आणि काळ तिन्ही एकदम उलटवण्याची सममिती) मोडली तर लॉरेन्ट्झ सममितीही मोडतेच. तुमच्या घन संज्ञेच्या बाबतीत याला खास महत्त्व आहे. फोटॉनसाठी ती स्थानिक फील्ड थिअरीत लिहायला गेलात तर मायर्स आणि पोस्पेलोव्ह यांनी २००३ मध्ये दिलेली संज्ञा मिळते: ती सीपीटी मोडते आणि उजव्या-डाव्या वर्तुळी ध्रुवणांना विरुद्ध चिन्हं देते. म्हणजे दोन्ही ध्रुवणांना सारखाच वेग देणारं तुमचं समीकरण फील्डच्या भाषेत लिहिताच येत नाही. आणि विरुद्ध चिन्हं घेतलीत तर दूरच्या स्रोतांच्या प्रकाशाचं ध्रुवण वाटेत विस्कटलं पाहिजे, जे होताना दिसत नाही.

इथवर जे सांगितलं त्यातून वाट निघू शकते. घनाऐवजी चौथा घात घ्या, सीपीटी राखा, उणे चिन्ह घ्या. वरच्या बहुतेक अडचणी सौम्य होतात. पण ज्या अडचणीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती तशीच उरते. ती लूपची.

आमच्याकडे कौलारू घरात राहिलेल्या कोणालाही माहीत आहे की कौल सरकतं एका जागी आणि पाणी टपकतं दुसऱ्याच जागी. पाणी रीप आणि वाशाच्या कडेने वाहत येतं आणि पार माजघरात पडतं. फील्ड थिअरीत वरच्या ऊर्जेचं पाणी खाली आणणारे वासे म्हणजे लूप. इलेक्ट्रॉन चालता चालता एक फोटॉन सोडतो आणि परत घेतो; त्या आभासी फोटॉनची ऊर्जा कितीही असू शकते, आणि बेरीज सगळ्यांची घ्यावी लागते, प्लांक ऊर्जेजवळच्यांचीसुद्धा. इलेक्ट्रॉनच्या समीकरणात काळाची संज्ञा आणि अवकाशाची संज्ञा या दोघींना या बेरजेतून दुरुस्ती मिळते. सममिती पूर्ण असेल तर दोघींना सारखीच. वरच्या टोकाला सममिती मोडलेली असेल तर दुरुस्त्या वेगळ्या येतात, आणि त्यांच्यातला फरक हा प्लांक ऊर्जेने भागलेला नसतो. तो नुसता आकडा असतो, विद्युतचुंबकीय आंतरक्रियेचा स्थिरांक भागिले पाय (π) या मापाचा, म्हणजे हजारात दोन-तीन. इलेक्ट्रॉनचा मर्यादा-वेग आणि फोटॉनचा वेग यांच्यात साध्या ऊर्जेला, तुमच्या टेबलावर, एवढा फरक पडायला हवा. कॉलिन्स, पेरेझ, सुदार्स्की, उरुतिया आणि वुसेतिच यांनी २००४ मध्ये हे नेमकं मांडलं.

आता खेकडा तेजोमेघाचा तोच १.१ पीईव्हीचा फोटॉन घ्या. तो मोडला नाही, तेव्हा फोटॉनच्या आणि इलेक्ट्रॉनच्या मर्यादा-वेगांच्या वर्गांतला फरक, फोटॉन वेगवान आहे असं धरून, १० चा उणे १८ वा घात याच्या आत असला पाहिजे. हजारात दोनपासून तिथवर यायचं तर मूळ सिद्धांतातले स्थिरांक पंधरा दशांशस्थळांपर्यंत एकमेकांना खोडतील असे हाताने बसवावे लागतात, आणि तेही प्रत्येक कणासाठी वेगवेगळे.

हे हाताने बसवणं म्हणजे काय, ते मी केलेलं आहे. जड क्वार्कच्या गणितांसाठी आम्ही अशी जाळी घ्यायचो की काळाच्या दिशेचं घर अवकाशाच्या घरापेक्षा तीन-चार पट बारीक. त्यामुळे सिग्नल चांगला मिळतो. पण सुरुवातीला ‘तीनपट’ असं लिहून जाळी चालवली की बाहेर तीनपट येत नाही, आंतरक्रियांमुळे ते गुणोत्तर सरकतं. पायॉनची (क्वार्क आणि प्रतिक्वार्क मिळून झालेल्या कणाची) ऊर्जा वेगवेगळ्या संवेगांना मोजली की त्याचा ‘प्रकाशवेग’ एकाच्या जागी एकाहून बराच कमी किंवा जास्त निघतो. ग्लुऑनचं गुणोत्तर आणखी वेगळं. मग ग्लुऑनसाठी एक आणि क्वार्कसाठी एक अशी दोन बटणं फिरवत, प्रत्येक वेळी पूर्ण गणित पुन्हा चालवत, दोन्ही वेग एकाला आणायचे. टक्का-दोन टक्क्यांपर्यंत जुळवण्यातच महिने जायचे. पंधरा दशांशस्थळं म्हणजे काय मागणं आहे, ते मला तिथे कळलं.

आणि चारही दिशांना सारखी घरं असलेली जाळी घेतली की हे काहीच करावं लागत नाही. जाळी तिथेही असते, सममिती तिथेही मोडलेली असते, पण काळ आणि अवकाश यांची नव्वद अंशांनी अदलाबदल करता येते, आणि तेवढ्या उरलेल्या सममितीमुळे वेगांचा फरक करणारी संज्ञा उगवूच शकत नाही. पहिली चूक येते ती जाळीच्या अंतराच्या वर्गाने दाबलेली. म्हणून लॉरेन्ट्झ सममिती मोडणाऱ्या कोणत्याही प्रस्तावाला मी आधी एवढंच विचारतो की खालच्या ऊर्जेला वेग सारखे ठेवणारी कोणती सममिती तुम्ही शिल्लक ठेवलीत?

काही उत्तरं आहेत. ग्रूट निब्बेलिंक आणि पोस्पेलोव्ह यांनी २००५ मध्ये दाखवलं की सुपरसिमेट्री (प्रत्येक कणाला अर्ध्याने वेगळ्या स्पिनचा जोडीदार देणारी सममिती) असेल तर धोकादायक संज्ञांना जागाच उरत नाही. ती मोडल्यावर काही गळती होते, पण ती दाबलेली असते. चढ्ढा आणि नीलसन यांनी १९८३ मध्ये वेगळी वाट सुचवली होती: वेग सुरुवातीला वेगवेगळे असले तरी आंतरक्रियाच त्यांना ऊर्जा उतरेल तसं एकमेकांकडे ओढतात. ओढतात हे खरं, पण लॉगॅरिदमच्या संथ चालीने, आणि ती चाल पंधरा दशांशस्थळांना पुरत नाही. होराव्हा यांचा २००९ चा प्रस्तावही इथेच पाहा. त्यांनी वरच्या ऊर्जेला काळ आणि अवकाश मुद्दाम असमान केले, त्यातून गुरुत्वाकर्षणाच्या लूपमधल्या अनंत होणाऱ्या बेरजा आटोक्यात येण्याची आशा मिळाली. हा मोठा लाभ आहे, म्हणून तो प्रस्ताव मी गंभीरपणे घेतो. द्रव्याचे वेग सारखे का राहतात, हा प्रश्न तिथेही शिल्लक आहे.

तुमचा दुसरा पर्याय, समीकरण सगळ्यांना सारखं आणि रूपांतरं वेगळी, याला दुहेरी विशेष सापेक्षता म्हणतात. २००० नंतर अमेलिनो-कामेलिया आणि मग माग्वेजो-स्मोलिन यांनी ती पुढे आणली. तिच्यात विशेष चौकट नसते, त्यामुळे एकटा फोटॉन मोडण्यासारखे उंबरठे टळतात. पण संवेगांची बेरीज साधी राहत नाही, आणि पुष्कळ कणांच्या एखाद्या चेंडूचा संवेग प्लांक ऊर्जेहून सहज मोठा असतो, त्याचं काय करायचं हे ठरवावं लागतं. शिवाय नुसतं संवेगाचं रूपांतर लिहिलंत तर कदाचित तुम्ही जुन्या संवेगाला नवं नाव एवढंच दिलं असेल. दोन कणांचा संवेग कसा बेरजेला घ्यायचा हे सांगितल्याशिवाय त्यात भौतिकी आहे की नाही हे कळत नाही. तिच्यावर उभी, सर्वमान्य अशी आंतरक्रियांची फील्ड थिअरी अजून नाही.

तुम्ही शेवटी टॅकिऑनबद्दलही (प्रकाशाहून वेगवान अशा कल्पिलेल्या कणाबद्दल) एक ओळ विचारली आहे. बिलान्युक, देशपांडे आणि सुदर्शन यांचा १९६२ चा लेख वाचाच. फील्ड थिअरीत मात्र काल्पनिक (म्हणजे ज्याचा वर्ग ऋण आहे अशा) वस्तुमानाचा अर्थ प्रकाशाहून वेगवान संदेश असा होत नाही, निर्वात अस्थिर आहे असा होतो. कणांना वस्तुमान देणाऱ्या हिग्ज फील्डची सुरुवात तिथूनच होते. तुमच्या प्रोजेक्टशी त्याचा संबंध नाही, तो बाजूला ठेवा.

प्रोजेक्ट टाकून देऊ नका, त्याची दिशा बदला. एक स्केलर (स्पिन शून्य असलेली फील्ड) आणि एक फर्मिऑन यांच्या साध्या आंतरक्रियेची युकावा थिअरी घ्या. लूपमधल्या फक्त अवकाश-संवेगावर प्लांक ऊर्जेला गुळगुळीत कटऑफ (ज्याच्या वरची योगदानं हळूहळू बंद होतात अशी मर्यादा) लावा, काळाच्या घटकाला लावू नका. विशेष चौकट तिथे आपोआप येते. मग एक-लूप दुरुस्ती काढा, बाहेरच्या ऊर्जेच्या वर्गाचा गुणक आणि संवेगाच्या वर्गाचा गुणक वेगवेगळे लिहा आणि त्यांची वजाबाकी करा. चार-पाच पानांचं गणित आहे, एमएस्सीला झेपणारं. वजाबाकीत कटऑफ उरत नाही, युकावा स्थिरांकाचा वर्ग गुणिले एक साधा आकडा उरतो. तो आकडा कटऑफच्या आकारावर कसा अवलंबून आहे, दोन-तीन वेगवेगळे आकार घेतले तर त्याचं चिन्हसुद्धा बदलतं का, एवढं तपासलंत तरी प्रोजेक्ट भरीव होईल. अडलात तर तिथवरची पानं पाठवा, चिन्हांसकट पाहून देतो.